कवडीच्या घरघरीविषयी काही दुरुस्त्या

४ डिसेंबर, बुधवार

माझा पुतण्या निलेश याने आज सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पुढील मजकूर टाकला: “तात्यांची कोंबडी रविवार पासून सर्दी ने आजारी. काकू कोल्हापूरला गेल्या पासून तात्या तिलाच घेऊन बसलेत.”

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये तोडून लिहिण्याची त्याची खोड जुनी आहे. ती येथे विचारात घेत नाही. वस्तुस्थितीपुरत्या दुरुस्त्या अशा. कोंबडी माझी नसून माझी पत्नी मथुरा हिची आहे. आजार रविवारी नव्हे, सोमवारी सुरू झाला. ‘सर्दी’ हे अनुमान आहे, निदान नव्हे. आणि मी तिला घेऊन बसत नाही. मी पडवीत वाचत असता ती आपण होऊन मांडीवर येते, आणि मांडीवर आलेल्या प्राण्यास झटकून टाकणे माझ्या स्वभावात नाही.

पुढे संदर्भ लागावा म्हणून पार्श्वभूमीही नोंदवितो. मथुरेला वर्षभरात अधूनमधून खोकल्याने छळले. नोव्हेंबरच्या मध्यावर आमची कन्या सारिका येऊन तिला कोल्हापूरला घेऊन गेली. गाडीत बसताना मथुरेने मला एकच गोष्ट बजावली: “कवडीक सांबाळा. मी येयसर तिका कायएक होता नये.” कवडी म्हणजे ही कोंबडी, अंगावर पांढरे-काळे ठिपके असल्यामुळे हे नाव. तिच्या आईला मुंगसाने नेले, तेव्हा मथुरेने तिला पदराखाली वाढविले. आता ती अंडी देत नाही. अशा कोंबडीचे आमच्या वाडीत काय होते, हे सर्वांस ठाऊक आहे. मथुरेने ते होऊ दिले नाही.

जबाबदारी स्वीकारल्यावर मी ती नीटच पार पाडतो. मथुरा असताना कवडी रात्री पुढील पडवीत डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, झोपत असे. तेथे डास फार. म्हणून मी डालगे मागील दारी हलविले आहे. तेथे दिवेलागणीला मी नेमाने धुरी करतो: नारळाची सोडणे, म्हणजे सुकी साले, निरगुडीचा ओला पाला, वर थोडा कडुलिंब. डासांचा उपद्रव नसलेले मागील दार या वाडीत आमचे एकच, असे शेजारच्या मुनिराबाईही म्हणतात.


५ डिसेंबर, गुरुवार

लक्षणे. श्वास घेताना चोच उघडते. शेपूट श्वासाबरोबर वरखाली होते. गळ्यातून घरघर असा आवाज येतो. कुडाळच्या ज्या छापखान्यात मी आयुष्यभर मुद्रिते तपासली, तेथील जुन्या यंत्राचा पट्टा सैल झाला की अगदी असा आवाज येत असे. तेव्हा यंत्र थांबवावे लागे. सकाळी आवाज जवळजवळ नसतो. संध्याकाळी वाढतो. यावरून निष्कर्ष उघड आहे: संध्याकाळचा गारवा तिला बाधतो.

मथुरेचा रोजच्याप्रमाणे दूरध्वनी आला. तिने प्रथम कवडीची चौकशी केली, नंतर माझी.

“तिका थंडी बादली आसतली,” ती म्हणाली. “उबेक ठेवा.”

“तेच करीत आहे.”

“आणि तुमी? स्वेटर घालतास?”

“मला थंडी बाधलेली नाही.”

“मी तां विचारूक नाय.”

शेजारच्या मुनिराबाई कवडीला पाहून गेल्या. त्यांचे घर खाडीच्या काठाला आहे. त्यांचे यजमान समद रिक्षा चालवितात, आणि त्यांच्याकडेही कोंबड्या आहेत. त्या म्हणाल्या, “तात्यानू, धुरयेत ओवो टाका. माजी आई टाकी. छाती मोकळी जाता.” सूचना योग्य वाटली. डालगे धुरीच्या अधिक जवळ सरकविले आणि ओवा टाकला. मागील दारी सुगंध दरवळला.


७ डिसेंबर, शनिवार

निलेश आला. कुडाळला त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दर शनिवारी तो लवकर परततो आणि आमच्याकडे चहा घेतो.

“तात्यानू, कोंबयेक ओवो दिलास म्हणे. मसालो कधी देतलास?”

मी त्याच्यासमोर चहा ठेवला.

“माजा ऐका. मेली तर मातयेत जातली. आज कापली तर चार माणसां वडे-सागोती खातली. काकूक सांगा, मुंगसान नेली. आईक नेलेलाच आसा, लेकीक नेला म्हणून कोण अविश्वास दाखवतलो?”

“मी तुझ्या काकूशी खोटे बोलत नाही.”

“तेच्यासाटीच ती कोल्हापुराक गेली,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मग जरा गंभीर झाला. “पण तात्यानू, मस्करी सोडा. माज्या कोंबयो तुमच्याच खळ्यात चरतत. ही मानमोडी आसली तर सगळ्यो एका आठवड्यात जातल्यो. काय ता डॉक्टराक दाखवा. नायतर माका माज्यो बांदून ठेवूच्यो लागतल्यो.”

त्याचे हे म्हणणे रास्त होते. मानमोडी ही साथ कोंबड्यांची वाडीच्या वाडी रिकामी करते. कवडीची मान सरळ आहे, पाय स्थिर आहेत. म्हणून माझ्या मते हा तो रोग नव्हे. परंतु मत हे मत असते. सोमवारी जाईन.


९ डिसेंबर, सोमवार

समदच्या रिक्षातून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. कवडीला कापडी पिशवीत ठेवले होते, मान बाहेर. समद आरशातून पाहत म्हणाले, “तात्यानू, आज पयल्यांदाच तुमी कोणाक घेवन माज्या रिक्षात बसलास जेची तुमी चूक काडूक नाय.” कवडी मार्गभर शांत होती, वाऱ्यात तिचा श्वास बरा चालला होता. मोकळ्या प्रवासाने जनावरांना तरतरी येते.

डॉक्टर नम्रता तरुण आहेत, घाटावरच्या. त्यांनी कवडीची चोच उघडून पाहिली, पाठीला यंत्र लावून ऐकले, डोळ्यांच्या खालचा भाग दाबून पाहिला. त्यांची तपासण्याची पद्धत क्रमबद्ध आहे. मला ती आवडली.

“शिंका?”

“क्वचित.”

“नाकातून पाणी?”

“किंचित. संध्याकाळी.”

“खाणं?”

“सकाळी उत्तम, संध्याकाळी नाममात्र.”

“नवीन कोंबडी आणलीय का घरात? दुसरी कुठली मेलीय का?”

“दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’.”

“खुराड्यात धूळ, कुबट वास, धूर वगैरे?”

“खुराडे आमच्याकडे नाही. डालगे आहे. मी ते रोज धुऊन उन्हात वाळवितो.”

“छान,” त्या म्हणाल्या आणि लिहू लागल्या. त्यांच्या मते मानमोडीची लक्षणे नाहीत. श्वासनलिकेचा एखादा जंतुसंसर्ग असू शकेल. पाण्यातून द्यावयाचे औषध पाच दिवसांचे. इतर कोंबड्यांपासून वेगळी ठेवावी. पाणी रोज बदलावे. “शक्यता आहे, खात्री नाही,” असे त्या म्हणाल्या. शक्यतेला शक्यता म्हणणारा डॉक्टर आजकाल दुर्मीळ आहे.

निलेशला तसे कळविले. त्याने अंगठ्याचे चित्र पाठविले. हे उत्तर मानावे की नाही, याविषयी मी अद्याप निर्णय केलेला नाही.


११ डिसेंबर, बुधवार

आज दूरध्वनी मथुरेचा नव्हता, सारिकेचा होता.

“तात्या, आईचा खोकला पूर्ण गेला. पूर्ण. इथं आल्यावर आठवड्यात थांबला. एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाला काही झालेलं नाही, तिकडची दमट हवाच तिला सोसत नाही.”

“तिचा जन्म इथल्याच मसुऱ्याचा आहे. ती हवा तिला जन्मापासून सोसते.”

“वय झालं की नाही सोसत. तात्या, ती आता इथंच राहू दे. तुम्हीही या. वरची खोली रिकामी आहे. जत्रेला येऊन जाईल ती, पण राहायला नाही पाठवणार मी.”

ज्या जत्रेची तारीख कोणत्याही पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, त्या जत्रेवर तिने माझ्या पत्नीचे येणे टांगून ठेवावे, हे मला रुचले नाही. मी म्हणालो की मथुरेशी बोलेन. मथुरेला फोन दिला गेला.

“काय म्हणता आमची बाय?” तिने विचारले. म्हणजे कवडी.

“औषध सुरू आहे.”

“मी हयसर रवलंय तर तिका कोण बगतला?”

“मी पाहत आहेच.”

“तां खरां.” मग हळू आवाजात म्हणाली, “सारिकाचो जीव भियालेलो आसा. ती तुमच्यार रागावली नाय, समजलास?”

मला हे स्पष्ट नोंदवावेसे वाटते, कारण दैनंदिनीत तरी लपवाछपवी नसावी. मथुरेला या घरी परत ओढून आणणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यांत कवडी एक आहे. तिचे काही बरेवाईट झाले तर त्यांतील एक कमी होईल. उरलेल्यांत मी कितवा, हे मी विचारले नाही. तसा प्रश्न कसा विचारावयाचा, हे मला नीट माहीत नाही.

औषधाचा आज तिसरा दिवस. संध्याकाळची घरघर कायम आहे. धुरी दुप्पट केली.


१४ डिसेंबर, शनिवार

औषध काल पूर्ण झाले. लक्षणीय फरक नाही.

छापखान्यातील माझे जुने सहकारी महादू यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आज पिंगुळीस जावे लागत आहे, परतणे सोमवारी. निमंत्रणपत्रिका मीच तपासून दिली होती. छापणाऱ्याने चंद्राचा अनुस्वार गाळला होता. कार्यक्रम चद्रदर्शनाचा झाला असता. न जाणे शक्य नाही.

कवडीला मुनिराबाईंकडे ठेवले. त्यांच्या कोंबड्यांपासून वेगळी, खाडीकडच्या उघड्या पडवीत. मुनिराबाईंना सूचना लिहून दिल्या. त्यांनी कागद घडी करून कनवटीला लावला आणि म्हणाल्या, “तात्यानू, कोंबी आसा ती. आमदार नाय.”


१६ डिसेंबर, सोमवार

परतलो. समारंभ उत्तम झाला. महादूंनी भाषणात माझा उल्लेख “ज्यांच्या नजरेतून काना-मात्रा सुटली नाही” असा केला. सभागृहात हशा झाला, तो कशासाठी हे समजले नाही.

मुनिराबाईंच्या पडवीत कवडी खांबावर बसून मोठ्याने ओरडत होती. आवाज स्वच्छ. चोच मिटलेली. शेपूट स्थिर.

“परवा राती जरा घरघरली,” मुनिराबाई म्हणाल्या. “काल नाय. आज सकाळपासून तर माका शिवी घालता.”

औषधाचा परिणाम मागाहून दिसला, हे उघड आहे. तसे गटावर लिहिले: “कवडी पूर्ण बरी. औषध गुणकारी.” निलेशने टाळ्या पाठविल्या. मथुरेने दूरध्वनीवर तिचा आवाज ऐकविण्याचा आग्रह धरला. कवडीने उत्कृष्ट सहकार्य केले. मथुरा इतकी हसली की सारिका धावत आली. इतके हसूनही तिला खोकला आला नाही, हे मी मुद्दाम ऐकले.

संध्याकाळी कवडीला घरी आणले. तिचे स्वागत म्हणून धुरी चांगली मोठी केली.


१७ डिसेंबर, मंगळवार

घरघर परत आली आहे. पूर्वीपेक्षा अधिक.

मी गोंधळलो आहे. औषध घेतल्यावर बरे झालेले प्राणी एका रात्रीत आजारी पडत नाहीत. मुनिराबाईंकडे तिने काय खाल्ले, ते विचारले. भात, कोंडा, आणि सुकटीचे तुकडे. आमच्याकडे सुकट दिली जात नाही. हाच फरक असावा. बाजारातून सुकट आणली. कवडीने ती आनंदाने खाल्ली आणि तितक्याच जोराने घरघरली.

गटावर काही लिहिले नाही. कालचे वाक्य मागे घ्यावे लागेल, याची मला कल्पना आहे.


१९ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर नम्रता आज आमच्या वाडीत शेळ्यांच्या लसीकरणासाठी आल्या होत्या. जाताना आपण होऊन आमच्याकडे वळल्या. वेळ दिवेलागणीची. धुरी नुकतीच पेटली होती. मी त्यांना मागील दारी नेले.

दारातच त्यांना खोकला आला. डोळ्यांना पाणी आले. त्यांना दिवसभराच्या दगदगीने सर्दी झाली असावी असे वाटून मी आत जाऊन ओव्याचा काढा आणला. त्या तो न पिता हातात धरून उभ्या राहिल्या.

“आजोबा, हे काय आहे?”

“ओवा, आले आणि गूळ.”

“हे नव्हे. ते.” त्यांनी बोट दाखविले.

“धुरी.” मी त्यांना तिचे साहित्य, प्रमाण आणि क्रम सांगितला, निरगुडी ओलीच का हवी, हेही सांगितले. त्या ऐकत राहिल्या.  फक्त पदराने नाक झाकून घेतले.

“रोज?”

“रोज. अपवाद नाही.”

“आणि कोंबडी रोज तिथंच असते? त्या टोपलीत? धुराच्या शेजारी?”

“तिच्यासाठीच तर डालगे येथे आणले. पुढे डास फार.”

“मी तुम्हाला धुराचं विचारलं होतं.”

“आपण खुराड्यातील धुराविषयी विचारले होते. आमच्याकडे खुराडे नाही, हे मी तेव्हाच निदर्शनास आणले.”

 डॉक्टरांनी खाली बसून डालगे उचलले, कवडीला काखेत घेतले आणि पुढच्या पडवीत चालू लागल्या. मी काढ्याचा पेला घेऊन मागोमाग गेलो. तेथे दहा मिनिटे बसून त्यांनी तिचा श्वास पुन्हा ऐकला.

“पक्ष्यांची श्वासाची सगळी रचनाच नाजूक असते, आजोबा. माणूस खोकून धूर बाहेर टाकतो, हिला ते जमत नाही. मुनिराबाईंकडे ती बरी झाली, ती औषधानं नव्हे. आठ दिवस धुरी बंद. टोपलीवर मच्छरदाणीचं कापड टाका.”

“आणि जंतुसंसर्ग?”

“असेलही, नसेलही. आधी धूर काढू, मग उरलं तर बघू.”

हे मला फार सोपे वाटले. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यांत धुरी होते. परंतु सोडणांचा ढीग संपत आला आहे आणि नवीन सोडणे ओली आहेत. त्यामुळे आठ दिवस थांबणे तसेही सोयीचे होते. मी होकार दिला. धुरीवर पाणी ओतले. ती बराच वेळ चरचरत होती.

जाताना त्यांनी काढा संपविला.


२१ डिसेंबर, शनिवार

धुरीविना दुसरी संध्याकाळ. डासांनी माझे पाय फोडून काढले. कवडी पडवीत, जाळीखाली. घरघर ऐकण्यासाठी मला कान डालग्याला लावावा लागला.

निलेश चहाला आला तेव्हा मी तसाच वाकलेलो होतो.

“काय तात्यानू, मुद्रित तपासतास?”

“ऐक.” मी त्याला जागा करून दिली. त्याने कान लावला.

“कायएक ऐकाक येणा नाय.”

“तेच.”

तो गेल्यावर मी कोल्हापूरला दूरध्वनी केला. मथुरेने उचलला. कवडीची प्रकृती सांगून झाल्यावर मी विचारले, “तुझा खोकला दिवसाच्या कोणत्या वेळी अधिक असे?”

“ह्या आता कित्याक विचारतास?”

“माहिती असावी.”

“दिवेलागणीक. मागीलदारी पायरेर बसलंय काय सुरू.”

“हे तू मला कधी सांगितले नाहीस.”

“सांगलंय हां. गेल्या वर्षीच. ‘धूर माका लागता’ असां म्हटलंय. तुमी म्हणालास, धूर लागत नाही, धुराचा त्रास होतो. माजा वाक्य सुदारलास आणि गेलास सोडणां हाडूक.”

ती हसत होती. मला हसू आले नाही.

“मग पुन्हा का सांगितले नाहीस?”

“डास खरेच कमी झालेले. आणि तुमका त्या धुरयेचो केदो अभिमान. मुनिरान स्तुती केल्यान काय तुमी दोन दिवस ताठ चलतास.” मग म्हणाली, “आणि माका तरी खंय ठावक होता? माका वाटला, वय झाला. सारिकाक वाटला, हवा. कवडीक मात्र बोलूक येणा नाय म्हणान तुमी तिका डॉक्टराकडे व्हेलास.”




२२ डिसेंबर, रविवार

मथुरा मागील दारी ज्या पायरीवर बसून तांदूळ निवडते, त्या पायरीवर आज दिवेलागणीला बसून पाहिले. धुरीचा खळगा तेथून सरळ समोर आहे. संध्याकाळी खाडीवरून वारा येतो तो कुंपणावर आपटून याच पायरीकडे वळतो. वाऱ्याची ही दिशा मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. किंबहुना खळगा तेथे खणण्याचे तेच कारण होते: धूर घराकडे यावा.

आज अधिक लिहीत नाही.


२४ डिसेंबर, मंगळवार

सारिकेशी बोललो. ती पटवून घेण्यास तयार नाही.

“तात्या, कोंबडीवरून आईचं निदान कसं करता तुम्ही?”

“कोंबडीवरून नव्हे. तारखांवरून.”

“मला आई इथं ठणठणीत दिसतेय. एवढं मला पुरे आहे. तिथं परत खोकायला लागली तर?”

“तर मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडीन, आणि वरच्या खोलीत राहीन.”

 माझ्याकडून असे वाक्य तिला अपेक्षित नसावे. मलाही नव्हते.

“लेखी द्या,” ती म्हणाली. ती माझीच मुलगी आहे.

खळगा आज माती घालून बुजविला. त्यावर निलेशने अळूचे कांदे लावून दिले. मागील दाराच्या चौकटीला जाळी ठोकली. दोन खिळे वाकडे गेले, ते काढून पुन्हा ठोकले. कवडी हे सर्व काम माझ्या पायांत येऊन पाहत होती. कालपासून आवाज नाही. डॉक्टरांना कळविले. त्यांनी लिहिले, “उत्तम. तरीही महिनाभर लक्ष ठेवा.” पूर्ण वाक्ये, योग्य विरामचिन्हे.


२६ डिसेंबर, गुरुवार

निलेशने काल गटावर नवा वृत्तान्त टाकला: “डॉक्टरांच्या औषधाने तात्यांची कोंबडी अखेर बरी. काकूंना कोल्हापूरची हवा मानवली. सगळे सुखरूप.” प्रत्यय या वेळी जोडून लिहिले आहेत. बाकी सर्व चूक आहे. सद्भावनेने लिहिलेली चूकही छापली गेली की खरी होते, आणि या चुकीवर माझे घर बंद झाले असते. म्हणून पुढील दुरुस्तीपत्र आज गटावर सर्वांसाठी, आणि सारिकेला तिच्या मागणीप्रमाणे लेखी म्हणून, पाठविले. प्रत येथे उतरवितो.

कवडीच्या आजाराचा आरंभ. मी २ डिसेंबर, सोमवार असे सांगितले होते. निलेशने १ डिसेंबर, रविवार. दोन्ही चूक. डालगे मागील दारी हलविले ते २४ नोव्हेंबर, रविवारी. मुनिराबाईंनी त्याच आठवड्यात तिची घरघर कुंपणापलीकडून ऐकली होती. आजार तेव्हापासून धरावा.

कवडी बरी होणे. गटावर १६ डिसेंबर, औषधाने, असे मीच लिहिले. ते वाक्य मागे घेतो. औषध १३ डिसेंबरला संपले तेव्हा फरक नव्हता. १६ला ती मुनिराबाईंच्या उघड्या पडवीत बरी होती, १७ला आमच्या मागील दारी पुन्हा आजारी. आवाज पूर्ण थांबला तो २३ डिसेंबर, सोमवारी.

धुरीचा आरंभ. निलेश म्हणतो, डेंग्यूच्या साथीत पंचायतीने सांगितल्यावरून. पंचायतीने फक्त फवारणी केली. धुरी मी सुरू केली: गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबर, शुक्रवारी.

मथुरेच्या खोकल्याचा आरंभ. सारिका म्हणते, या वर्षीच्या पावसाळ्यात, दमट हवेने. चूक. गेल्या वर्षी कोजागिरीला, २८ ऑक्टोबर, शनिवारी, दूध आटविताना ती प्रथम खोकली. पाणी मीच आणून दिले. त्यानंतर जून लागताच खोकला थांबला. पावसाळ्यात हवा सर्वांत दमट असते. परंतु पावसाळ्यात मागील दारी धुरी पेटत नाही. या वर्षी ती पुन्हा पेटली १४ ऑक्टोबर, सोमवारी. त्याच आठवड्यात मथुरा पुन्हा खोकू लागली.

शेवटची धुरी. १९ डिसेंबर, गुरुवार. साक्षीदार: डॉक्टर नम्रता.

मथुरेचे परत येणे. सारिका म्हणत होती, जत्रेला, तेही दोन दिवसांपुरते. मथुरा आज सकाळी म्हणाली, “शनवारी येतलंय. पिशवी भरलंय.” सारिकेने तिकीट काढले आहे, म्हणजे तिनेही मानले. तारीख २८ डिसेंबर, शनिवार. खोकला पुन्हा लागल्यास मी स्वतः तिला कोल्हापूरला पोचवून वरच्या खोलीत राहीन, हेही येथे लेखी. गाडी घाट उतरून पायथ्याच्या फोंडाघाट गावात चहासाठी थांबते. मी समदच्या रिक्षाने तेथपर्यंत जात आहे; तेथून पुढे आम्ही बरोबर येऊ.